नवरात्र ते देवदिवाळी : विजयदुर्ग ते देवबाग, गरवायला पाणी कसं आहे?

खडपकर (देवगड)

मंडळी, घट बसले की दरवर्षी निरोप सुरू होतात. "दादा, पाणी लागलं का? दिवाळीत येऊ का? कुठे बसू?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा धागाच काढतो. विजयदुर्गची वाघोटण खाडी ते देवबागचा कर्ली संगम, एवढ्याच पट्ट्यात गरवण्याबद्दल, म्हणजे गळ टाकून मासे धरण्याबद्दल लिहितोय. रत्नागिरी आणि वेंगुर्ल्याचं तिथल्या लोकांनी सांगावं. हातगरीवाले आणि रॉड-रीलवाले दोघांसाठी आहे. होडीने बाहेर जाणाऱ्यांना यात फार काही सापडणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दसऱ्याच्या आसपासचं पाणी आणि दिवाळीनंतरचं पाणी हे दोन वेगळे हंगाम आहेत. लोक दिवाळीनंतरच्या जागेवर दसऱ्याला जाऊन बसतात, दिवसभर उन्हात करपतात आणि "आता समुद्रात मासाच उरला नाही" असं सांगत परत जातात. मासा असतो, पण तो दुसरीकडे असतो.

आपल्या नद्या आखूड. घाटात दुपारी परतीचा पाऊस कोसळला की रात्रीपर्यंत खाडीच्या तोंडाला चहासारखं पाणी. हे गोडं पाणी हलकं, म्हणून वर राहतं. भरतीचं खारं पाणी त्याच्या खालून आत शिरतं. वरून बघणाऱ्याला सगळंच गढूळ दिसतं आणि तो गाडी वळवून निघून जातो. पण तळाला खारट, बरंचसं निवळ पाणी असतं आणि मासा तिथेच असतो. त्यामुळे या दिवसांत आमिष तळाला गेलंच पाहिजे. शिसं जड लावा. वरच्यावर ओढायचे लूअर (नकली आमिष) या पाण्यात म्हणजे हाताला व्यायाम.

खाडीच्या तोंडावर उभं राहिलात तर गढूळ आणि निळसर पाण्याची सरळ रेघ दिसते, फेस आणि पालापाचोळा तिच्यावर जमलेला असतो. तो सांधा सुकतीबरोबर बाहेर जातो आणि भरतीबरोबर आत येतो. जिथे तो सांधा खडपाला, म्हणजे काठच्या खडकाला टेकतो तिथे बसा. खाडीतून वाहत येणारी कोळंबी आणि बोयटं तिथे गोंधळतात, आणि जिताडा, तांबोशी, करकरा त्यांच्यासाठी दबा धरून असतात. शिंगाळे तर असतातच, बोलावलं नाही तरी.

दिवाळीच्या आगेमागे वारा बदलतो. पहाटे जमिनीवरचा मतलई, दुपारनंतर समुद्रावरचा. दोघांच्या मधल्या तासा-दोन तासांत पाणी अगदी पडलेलं असतं. नद्यांचा जोर ओसरतो, किनाऱ्याचं पाणी निवळतं, तेव्हा उघड्या समुद्राकडची खडपं जागी होतात. कोकर, गोबरा, एखादी लहान सुरमई जिगवर, म्हणजे धातूच्या नकली आमिषावर. खाडीतला मासा मात्र तेव्हा लाजरा होतो आणि रात्रीच खातो.

कुठला हंगाम चालू आहे हे कॅलेंडर बघून ठरवू नका. गुडघाभर पाण्यात उभे राहा. पायाची बोटं दिसली तर लूअर काढा, नाही दिसली तर वासाचं आमिष लावा. तारलीचा तुकडा, म्हाकुलाची पट्टी, ताजी कोळंबी, या क्रमाने.

पनवेलचा पाहुणा

खडपकर दादा, धन्यवाद. आम्ही दोघे भाऊ दिवाळीच्या सुट्टीत आचऱ्याला मामाकडे येतोय. आत्तापर्यंत गाढी नदीवर आणि उरणच्या बाजूला थोडंफार गरवलंय. दहा फुटी रॉड आहे, ब्रेड (विणलेला दोरा) तीस पौंडाची. भरतीचं वेळापत्रक कुठलं बघू? फोनमध्ये एक अॅप आहे, त्यात "उत्तम दिवस" म्हणून चार मासे दाखवतात. त्यावर विश्वास ठेवायचा का?

खडपकर (देवगड)

अॅपमधले चार मासे अॅपमध्येच राहतात. 🙂

वेळापत्रक हवंच, पण नसेल तर आजोबांचा हिशोब वापरा. तिथीचा आकडा पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पहाटे आणि दुपारी, दोन्हीकडे साधारण तेच. शुद्ध असो की वद्य, हिशोब एकच. मुंबईकडे भरती याच्या थोडी नंतर येते, कारण ती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जाते. खाडीत जितकं आत जाल तितकी आणखी उशिरा.

आता यातली गंमत बघा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनवेला आणि अवसेला, आपल्याकडे भरती नेहमी भर दुपारी आणि मध्यरात्री असते. उजाडताना आणि मावळताना पाणी सुकलेलं. भांगाच्या दिवसांत, अष्टमी-नवमीला, उलट: तांबडं फुटताना पाणी भरलेलं, पण त्याला ओढ नाही. म्हणजे जोराचं पाणी आणि अंधूक उजेड ही जोडी या किनाऱ्यावर एकत्र सहज येत नाही. मधले दिवस धरावे लागतात.

मी एकादशी-द्वादशीची पहाट खडपासाठी ठेवतो. सूर्य उगवताना पाणी चढत असतं आणि ओढही बरी असते. चतुर्थी-पंचमीची संध्याकाळ खाडीच्या तोंडासाठी. चारच्या सुमारास भरती पूर्ण झालेली असते, दिवेलागणीला सुकती जोरात लागते आणि आतलं सगळं खाद्य बाहेर ओढून आणते. तुम्ही आचऱ्याला उतरताय, तर तुम्हाला हेच सोयीचं. एक लक्षात घ्या, नदीला अजून पाणी असेल तर समुद्रात भरती लागल्यावरही खाडीतून बराच वेळ पाणी बाहेरच वाहत राहतं. घड्याळ बघून "आता भरती" म्हणून जागा सोडू नका, तरंगणारं पान कुठे चाललंय ते बघा.

आणि उरणची सवय इथे चालणार नाही. मुंबईला उधाणाची भरती पाच मीटरला भिडते, मालवणला अडीचच्या आसपास. तिकडे चिखल उघडा पडतो तसा इकडे पडत नाही, पाण्याची ओढही तेवढी नसते. खाडीच्या तोंडाला साठ-सत्तर ग्रॅमचं शिसं पुष्कळ झालं.

रापणीचो झील (मालवण)

खडपकरानू, बरा लिवलास. पण तुमी पाण्याकडे बघतास, वर बघूक विसरतास. पाखरां खंय पडतत ता आधी बघूचा. पेडवे काठार इले काय पाखरांका आमच्या आधी समाजता. पेडव्यांच्या मागसून बांगडो, बांगड्याच्या मागसून मोठो मासो. पाखरां नाय तर गरी भिजवून काय उपेग नाय.

दुसरा, रापण (काठावरसून दोरांनी ओढतत ता मोठा जाळा) लागलेली दिसली काय दोन दोरांच्या मदी गरी टाकू नकात. दरवर्षी कोणतरी पाव्हणो येता आणि टाकता. दोर ओढताना गळ हातात घुसता, ओढणारो माणूस दोर सोडूक शकणा नाय. त्यापेक्षा रॉड बाजूक ठेवा आणि दोराक हात लावा. रापण भायर इल्यावर चार मासे तुमच्या पिशयेत पडतले, गरयेक लागले नसते तितके.

आणि मासो कमी झालो म्हणतास, तर ता बी सांगतंय. पर्ससीनवाल्यांका (होडयेन मोठा जाळा घेरून मासो उचलतत ते) २०१६ च्या आदेशान सप्टेंबर ते डिसेंबर चारच म्हयने मुभा असा. पण बांगडो काठाक येवचे म्हयने बी तेच. भायरच घेरून उचलल्यानी तर आमच्या रापणीत काय येतला आणि तुमच्या गरयेक काय लागतला?

प्लवंग

मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी, गरवण्यात कच्ची. पण खडपकरांनी जे "दोन हंगाम" म्हटलं त्याला समुद्राच्या तळातून पाठिंबा आहे, म्हणून लिहिते.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. त्या काळात खोलवरचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी तळातून वर चढत किनाऱ्याकडे सरकतं. वर पावसाच्या गोडसर कोमट पाण्याचा पातळ थर असतो. हलकं पाणी वर आणि जड खाली, त्यामुळे वरची हवा खाली पोहोचत नाही. त्यात पावसाळ्यात भरमसाट वाढलेलं प्लवक मरून तळाला जातं आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे सगळ्यात वाईट असतं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर १९९७ पासून हे मोजते आहे. तिथे शरदात तळाचा प्राणवायू जवळजवळ शून्यावर जातो, कधी कधी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडसुद्धा सापडतो. कांदोळी म्हणजे तुमच्या पट्ट्याच्या खालीच.

नोव्हेंबरपासून प्रवाह उलटतो आणि उत्तरेकडे वाहू लागतो. मग वरचं पाणी किनाऱ्याला दाबलं जाऊन खाली जातं आणि तळाला पुन्हा हवा मिळते.

तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच: या महिन्यात वीस-पंचवीस मीटर खोलीच्या तळाला मासा नसणं स्वाभाविक आहे. लाटा फुटतात तिथे पाणी घुसळून निघतं, प्राणवायू भरपूर असतो. तळचा मासा उथळात सरकत असेल तर मला नवल वाटणार नाही.

खडपकर (देवगड)

प्लवंगताई, तुमच्या पोस्टने एक कोडं सुटलं. दसऱ्याला होडीवाले मित्र "आठ-दहा वावावर (पंधरा-अठरा मीटरवर) तळ मेलेला आहे" म्हणतात आणि त्याच आठवड्यात किल्ल्याखालच्या खडपावर कमरेएवढ्या पाण्यात गोबरा लागतो. मी आजवर ते होडीवाल्यांच्या आळसावर ढकलत होतो.

झीला, पाखरांचं पटलं. पण पहाटे अंधारात पाखरं दिसत नाहीत आणि तांबोशी पाखरांची वाट बघत नाही. पेडव्यांमागचा मासा वेगळा आणि खडपातला वेगळा. बाकी रापणीचं सोळा आणे खरं.

पुळणीवरची

सगळे खडप आणि खाडीच लिहितायत, पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला कोणी वाली आहे की नाही? मला जिताडा नको, कढईत मावेल असा मासा हवा. कुणकेश्वरपासून मिठबाव, तांबळडेग, पुढे तोंडवळीपर्यंत पुळणच पुळण आहे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मुडदुशीचे दिवस.

मुडदुशीसाठी लांब फेकायची गरज नाही, उलट लांब फेकणारे तिच्या डोक्यावरून फेकतात. सुकलेल्या पाण्यात एकदा किनारा चालून बघा. लाट फुटते आणि परत फिरते त्या जागी वाळूत किनाऱ्याला समांतर खळगे पडलेले असतात. खूण मनात ठेवा. भरती लागली की मुडदुशी त्या खळग्यांत शिरते आणि वाळू उकरून किडे नि बारीक कोळंबी खाते. तोंड लहान, त्यामुळे गळ लहान. कोळंबी पूर्ण सोलायची, शेपटाकडून नखाएवढा तुकडा काढायचा आणि गळाचं टोक उघडं ठेवायचं. शिसं वाळूवर जेमतेम टिकेल इतकंच, लाटेबरोबर थोडं घरंगळलं पाहिजे. दोरा बोटावर धरा. आधी एक बारीक टिचकी, मग लगेच दुसरी. पहिलीला झटका दिलात तर मोकळा गळ येतो. दुसरीनंतर दोरा नुसता ताणायचा, ती आपली आपण अडकते.

पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. पाकटं उथळात वाळू अंगावर ओढून पडलेली असतात, पाय घासला की निघून जातात, वर पडला तर शेपटीचा काटा मारतात. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा, कळ उतरते. मग डॉक्टरकडे जायचंच, काट्याचा तुकडा आत राहिलेला असतो.

आणि नोव्हेंबरपासून याच पुळणींवर कासविणी अंडी घालायला येऊ लागतात. रात्री डोक्यावरची बॅटरी समुद्राकडे रोखून ठेवू नका आणि तुटलेला दोरा वाळूत टाकून जाऊ नका. हे सांगावं लागतं याचीच मला चीड आहे.

मस्कतकर

धागा वाचून पोटात खड्डा पडला. इकडे समुद्र तोच, अरबी, पण दुसरा काठ. ओमानमध्ये १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर सुरमई पकडायला, विकायला बंदी असते. हौशी लोकही ती पाळतात, बंदी उठली की पहिल्या आठवड्यात बाजारात झुंबड. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची बंदी आहे, पण माशागणिक अशी काही शिस्त आहे का?

खडपकर (देवगड)

२०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. पापलेट त्याच वर्षी राज्यमासा झाला आणि त्याची मर्यादा १३५ मिलिमीटर. पण कागदावरचा आकडा आणि धक्क्यावरची टोपली यांची अजून गाठ पडायची आहे.

गरीवाल्यांसाठी मी वेगळाच नियम पाळतो, कायद्यात नसलेला. जिताडा आयुष्याचा पहिला भाग नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी छातीशी धरतात तो मोठा जिताडा ही अंड्यांवर येणारी मादी. गोबऱ्याचं नेमकं उलट, आधी मादी, मोठा झाला की नर. एका खडपावरचे सगळे मोठे गोबरे काढलेत तर उरलेल्या माद्यांना नर उरत नाही. म्हणून दोन्हीत मधला मासा घरी आणि मोठा पाण्यात. बायको म्हणते हा नियम मी मोठा मासा न लागल्यावर शोधला. असो.

जेटीवरचा

मोठा मासा सोडायचा? पेट्रोल टाकून दीडशे किलोमीटर आल्यावर? आदर्शवाद ठीक आहे, पण ट्रॉलर टनावारी उपसतायत आणि आपण एक जिताडा सोडून समुद्र वाचवणार!

पुळणीवरची

जेटीवरचे दादा, समुद्र वाचवायला कोणी सांगत नाहीये. ट्रॉलर खडपावर येत नाही. त्या खडपावर तुम्ही-आम्हीच जातो, त्यामुळे तिथला हिशोब आपलाच. शिवाय खायला मधला मासाच चांगला. मोठ्याचं मांस चरबट.

फयान आठवणारा

मासे पकडायच्या चर्चेत विरजण घालतो, पण कोणी लिहिलं नाही म्हणून. पाऊस गेला, आकाश निळं झालं म्हणजे समुद्र निवला असं होत नाही. अरबी समुद्रातली वादळं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, अशी दोनदा येतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. आमच्या बाजूच्या होड्या बाहेर होत्या. त्या रात्री धक्क्यावर बायका कंदील घेऊन उभ्या होत्या, एवढंच सांगतो.

२०१९ च्या ऑक्टोबरात क्यार आपल्या किनाऱ्याला लागलंच नाही, बाहेरून पश्चिमेकडे गेलं. तरी लाटा पुळणी ओलांडून आत आल्या. वारा नसताना लाटा येऊ शकतात, आणि खडपावर बसलेल्याला हेच कळत नाही. बंदरात धोक्याचा बावटा लागलाय का बघा. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते फोनवर येतात. खडपावर पोहोचलात की लगेच खाली उतरू नका. उंचावर बसून दहा-पंधरा मिनिटं नुसत्या लाटा बघा. लाटा घोळक्याने येतात, मोठा घोळका बऱ्याच वेळाने येतो. सगळ्यात वरचा ओला दगड कुठला ते हेरा आणि त्याच्या वर बसा. पावसाळ्यानंतर खडपावर हिरवं शेवाळ असतं, चपला घालून जाणारे घसरतातच. आणि देवबागच्या टोकाला, कर्ली जिथे मिळते, तिथे वाळूची पट्टी दर पावसाळ्यात सरकते. गेल्या वर्षी जिथे उभे होतात तिथे यंदा पाय टेकेल याची खात्री धरू नका. सुकतीला तिथे पाण्यात उतरूच नका.

खडपकर (देवगड)

वरची पोस्ट प्रत्येकाने दोनदा वाचा. मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं असं कोणी म्हणेल, तर बरोबर म्हणेल.

जागांबद्दल पुष्कळांनी विचारलं, तर एवढंच. विजयदुर्ग जेटीवर सध्या बोय आणि बारीक मासा, लहान मुलांना न्यायला चांगली जागा. वाघोटण खोल आहे, सांधा तोंडापासून बराच आत असतो. देवगडचं बंदर आडोशाचं, बाहेर लाट असेल तेव्हा तिथेच बसायचं. आचरा आणि सर्जेकोट, दोन्ही तोंडं अजून पहिल्या हंगामात आहेत. मालवणात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गरी नेऊ नका. देवबागबद्दल वर लिहिलंय. माझ्या खडपाचा नेमका पत्ता मी देणार नाही, वैयक्तिक निरोपातही नाही.

पनवेलचा पाहुणा

आलो परत. आधी बातमी: आचरा खाडीच्या तोंडाला पंचमीच्या संध्याकाळी भावाला तांबोशी लागली. दोन किलोच्या आत, पण आमच्यासाठी भरपूर. तुम्ही म्हणालात तसं पान बघत बसलो होतो. वेळापत्रकाप्रमाणे सुकती लागून तासभर झाला तरी मासा नाही, मग फेसाची रेघ हळूहळू बाहेर येऊन आमच्यासमोरच्या दगडाला टेकली आणि पाच-दहा मिनिटांत रॉड वाकला. आमिष म्हाकूल. आधी नुसतं खरवडल्यासारखं वाटलं, मग एकदम खडपाच्या कपारीकडे ओढ. भावाने ब्रेक आवळला आणि मागे चालत सुटला, बाकी कौशल्य काही नव्हतं.

पायाच्या बोटांची परीक्षा रोज घेतली. खाडीत एकदाही दिसली नाहीत. शेवटच्या सकाळी तोंडवळीच्या पुळणीवर स्वच्छ दिसली, तिथे जिग फेकून हात दुखले, मग पुळणीवरच्या ताईंचं ऐकून कोळंबी लावली आणि मुडदुशी मिळाल्या. मामीने रव्यात तळल्या.

आता तक्रार. केंडांनी (त्या फुगणाऱ्या माशांनी) वैताग आणला! दोरा कात्रीने कापावा तसा तुटायचा. गळ, शिसं सगळं जायचं. एक वर आला तो फुगून बसला. यावर उपाय काय? वायर लावू का?

खडपकर (देवगड)

तांबोशीबद्दल अभिनंदन! ब्रेक आवळून मागे चालणं हेच कौशल्य असतं, कपारीत शिरली की संपलं.

वायर लावलीत तर दोरा वाचेल, पण निवळ पाण्यात इतर मासे वायर बघून फिरकत नाहीत. लावायचीच तर वीतभर, बारीक. माझा उपाय आळशी आहे: लागोपाठ दोन गळ गेले की शंभर पावलं सरकतो. केंडं थव्याने असतात, थव्याच्या बाहेर गेलं की त्रास थांबतो. तळापासून थोडं वर उचललेलं आमिषही जरा वाचतं.

जेटीवरचा

केंड खातात का हो? आकाराला तर चांगला दिसतो. जपानमध्ये म्हणे महाग विकतात.

प्लवंग

अजिबात नाही! त्याच्या यकृतात, अंड्यांत, कातडीत विष असू शकतं, काही जातींत मांसातही. शिजवून, तळून ते जात नाही, आणि त्यावर उतारा औषध नाही. जपानमध्ये परवाना असलेले आचारी ते कापतात. मांजरालाही घालू नका.

रापणीचो झील (मालवण)

आयकलास मा जेटयेवाल्यानू? आमी जाळ्यातसून काढून परत पाण्यात टाकतो, हात सांभाळून. बोट मदी इला तर बोट जाता.

पाव्हण्यानू, केंडां इतक्यात जावची नाय. पुढच्या येळेक येताना गळ आणि शिसा डबल आणा, नायतर मालवणच्या बाजारात घेवा, आमच्या दुकानदारांचो पण सण होवने. पाखरां कालपासून सर्जेकोटाच्या भायर पडतत. बांगडो असतलो.

पनवेलचा पाहुणा

सर्जेकोट धक्क्यावरून टप्प्यात आहेत का पाखरं?

रापणीचो झील (मालवण)

नाय. होडयेन जावचा लागात. सकाळी मतलई असताना भायर पडाचा आणि दुपारचो वारो लागायच्या आधी काठ धरूचो. होडी आमच्या वाड्यात मिळतली, डिझेल तुमचा.